वेळणेश्वरहून दाभोळकडे पाहताना

वेळणेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो. सोबत इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक होते. बोलणे दाभोळवर आले. डिसेंबर १५०८ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदाच्या पोर्तुगीज आरमाराने ते जाळले आणि पाचच आठवड्यांनी दीवची लढाई जिंकली. आम्ही त्यात शोकांतिका पाहू लागलो, तोच सरांनी अडवले. जळण्याआधी तिथे कोण येत-जात होते, हे आधी विचारा, असे त्यांचे म्हणणे.

त्या प्रश्नाने आम्ही अफानासी निकितीनपाशी पोहोचलो. त्वेरचा हा रशियन व्यापारी होर्मुझहून घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन, असा पेच घातला. घोडा कसाबसा सुटला. परतीला निकितीनने दाभोळचेच बंदर धरले. अरबस्तानचे घोडे इथे येतात, अशी त्याची नोंद आहे. घर मात्र त्याला दिसले नाही. स्मोलेन्स्कजवळ तो वारला.

त्याच्या रशियन गद्यात मध्येच तुर्की, फारसी, अरबी मिसळते. प्रार्थनासुद्धा त्याच सरमिसळीत आहे. सरांच्या मते हा पुरावा, आमच्या मते शैली. वाद मिटला नाही. पण बखरींतल्या फारसी शब्दांना वर्गात नुसते अर्थ देऊन आम्ही पुढे जातो. ते कोणत्या दरबारातून, कोणत्या बाजारातून आले, हे विचारत नाही. याची खंत वाटली.

तुमचे प्रवासवर्णन कुठून सुरू होते, सरांनी विचारले. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून, आम्ही म्हणालो. सर हसले आणि वाळूत चपला शोधू लागले.