न्यायदेवतेची पट्टी आणि पक्षकाराचा पडदा : एक ऐतिहासिक आकलन

बीजशब्द : न्यायदेवता, अज्ञानाचा पडदा, पडदानशीन, गोषा, प्रिव्ही कौन्सिल

प्रस्तावना

हाती तराजू आणि डोळ्यांवर पट्टी ही न्यायदेवतेची प्रतिमा आज इतकी परिचित झाली आहे की ती प्राचीन काळापासून तशीच असावी, असा समज सहज होतो. वस्तुतः ती तशी नव्हती. या प्रतिमेत झाकलेले असतात ते न्याय करणाऱ्याचे डोळे. वसाहतकालीन भारतातील न्यायालयांपुढे मात्र एक निराळाच पडदा उभा राहिला. तो न्याय मागणाऱ्या स्त्रीपुढे होता. पहिल्या आवरणाचा अर्थ समोर कोण आहे ते पाहू नये असा, तर दुसऱ्याचा अर्थ समोर कोण आहे हे जाणल्यावाचून निवाडा करू नये असा लावला गेला. परस्परांना छेद देणाऱ्या या दोन अर्थांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

विडंबनातून सद्गुणाकडे

न्यायाधीशाने पाहू नये ही कल्पना प्राचीन आहे. इजिप्तमधील थीब्ज येथे न्यायाधीशांच्या पुतळ्यांना हात नव्हते आणि प्रमुख न्यायाधीशाचे डोळे मिटलेले होते, असे प्लुटार्कने नोंदविले आहे. लाच घेण्यास हात नाहीत आणि भिडेला बळी पडण्यास नजर नाही, असा त्याचा आशय. परंतु रोमन परंपरेतील न्यायदेवता सामान्यतः डोळसच दाखविली जाई. तिच्या डोळ्यांवर पट्टी आली ती आदरापोटी नव्हे. १४९४ साली बाझेल येथे प्रसिद्ध झालेल्या सेबास्टियन ब्रांट यांच्या 'मूर्खांचे जहाज' या ग्रंथातील एका काष्ठचित्रात एक मूर्ख न्यायदेवतेच्या मागे उभा राहून तिचे डोळे बांधताना दिसतो. ऊठसूट कोर्टकज्जे करणाऱ्यांची ती टवाळी होती. १५०७ च्या बांबेर्ग दंडसंहितेतील चित्रात तर विदूषकी टोप्या घातलेले न्यायाधीशच डोळे बांधून बसले आहेत.

पुढील काही दशकांतच हा अर्थ उलटला. हान्स गीएंग या शिल्पकाराने १५४३ मध्ये बर्न येथील कारंज्यावर घडविलेली न्यायदेवता पट्टी बांधलेली आहे, आणि तिच्या पायांशी पोप, सम्राट, सुलतान व नगराधिपती आहेत. येथे पट्टी म्हणजे सत्तेपुढे न झुकणारी निःपक्षपातिता. उपहासाचे चिन्ह इतक्या अल्पावधीत गौरवाचे चिन्ह व्हावे, ही प्रतीकांच्या इतिहासातील विलक्षण घटना म्हटली पाहिजे. जुना उपहास मात्र पुरता मावळला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या १८७८ साली पूर्ण झालेल्या इमारतीतील एका खांबावर एका डोळ्यास पट्टी बांधलेले, हाती तराजू धरलेले माकड कोरलेले आहे. कंत्राटदाराने त्यातून आपला राग काढला, अशी आख्यायिका सांगितली जाते.

अज्ञानाचा पडदा

विसाव्या शतकात हे आवरण शिल्पातून तत्त्वचिंतनात आले. जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या न्यायविषयक ग्रंथात 'अज्ञानाचा पडदा' कल्पिला. समाजाचे मूलभूत नियम ठरविणाऱ्यांना स्वतःची संपत्ती, वर्ग व बुद्धिमत्ता यांची माहिती नसेल, तर ते कोणावरही अन्याय होणार नाही असेच नियम निवडतील, हा त्यांचा युक्तिवाद. पडद्याने झाकलेल्या बाबींच्या यादीत लिंगाचा उल्लेख नव्हता, याकडे सुझन ओकिन यांनी १९८९ मध्ये लक्ष वेधले. हा आक्षेप किरकोळ नाही. कारण ज्यांच्या आयुष्यात पडदा ही रूपकात्मक नव्हे तर रोजची गोष्ट होती, त्या स्त्रियांच्या संदर्भात न्यायालयांना या प्रश्नाला रॉल्स यांच्या शंभर वर्षे आधीच सामोरे जावे लागले होते.

पडद्याआडची पक्षकार

उत्तर भारत व बंगालमधील उच्चकुलीन हिंदू आणि मुस्लिम स्त्रियांत पडदा रूढ होता. महाराष्ट्रातही सरदार घराण्यांत गोषा पाळला जाई. अशा स्त्रीच्या नावे जमीन वा रोखे असत, परंतु व्यवहार कारभारी किंवा आप्त पाहत. दस्त पडद्याआड जाई आणि सही वा अंगठा उमटून परत येई. आत कोण होते, दस्त वाचून दाखविला गेला काय, हे बाहेरच्यास कळण्याचा मार्ग नसे. सही करणारा दस्ताने बांधला जातो, हा सर्वसाधारण नियम येथे जसाच्या तसा लावणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून फसवणुकीवर शिक्कामोर्तब करणे होते.

मुन्शी बजलुर रहीम विरुद्ध शम्सुन्निसा बेगम या १८६७ च्या दाव्यात पतीने पत्नीचे सरकारी रोखे आपण विकत घेतल्याचे सांगितले. व्यवहार प्रामाणिक होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रिव्ही कौन्सिलने पतीवर टाकली. १९२५ च्या फरीदुन्निसा प्रकरणात हे तत्त्व अधिक स्पष्ट झाले: दस्तावर हात उमटणे पुरेसे नाही, त्यामागे त्या स्त्रीचे मनही असले पाहिजे. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये खरबुजा कुअर प्रकरणात ही भूमिका कायम ठेवली.

या संरक्षणाची किंमतही होती. कायद्याने स्त्रीचे रक्षण केले ते तिला असहाय गृहीत धरून. शिवाय पडदा ही वस्तुस्थिती पुराव्याने सिद्ध करावी लागे. १९०० च्या हॉजेस प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले की संपूर्ण एकांतवासात राहणाऱ्या वर्गाबाहेरील स्त्रीस हे गृहीतक आपोआप लाभणार नाही. आपली असहायता तिने स्वतः दाखवून द्यावी. म्हणजे सावकाराच्या खतावर अंगठा उठविणारी शेतमजूर स्त्री तितकीच अजाण असूनही संरक्षणाच्या कक्षेबाहेर राहिली. निरक्षर व वृद्ध स्त्रियांपर्यंत हे तत्त्व न्यायालयांनी पुढे विस्तारले, पण त्याचा उगम प्रतिष्ठितांच्या अंतःपुरात होता हे विसरता येत नाही.

दुसरी अडचण व्यवहाराची होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३२ नुसार रूढीने लोकांसमोर न येणाऱ्या स्त्रियांना न्यायालयातील प्रत्यक्ष उपस्थितीतून सूट मिळाली आणि त्यांची साक्ष आयुक्तामार्फत घेण्याची सोय होती. परंतु वकील पुरुष, आयुक्त पुरुष. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलायचे कोणी? नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी नेमकी ही उणीव हेरली. १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊनही स्त्री म्हणून त्यांना सनद नव्हती. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची नेमणूक झाली ती पडदानशीन वारसांसाठी. पडद्याआड जाऊन मालकिणीचे म्हणणे ऐकणे हे त्यांचे काम होते. स्त्रियांना वकिलीचा अधिकार देणारा कायदा १९२३ साली आला.

रॉल्स यांच्या विचाराशी हे सारे विसंगत वाटले, तरी विरोध वाटतो तितका सरळ नाही. आपण पडद्याच्या कोणत्या बाजूला जन्मणार हे ज्यास ठाऊक नाही, तो नियमकर्ता आत असलेल्या स्त्रीस जपणाराच नियम निवडील. नियम घडविताना डोळे झाकावेत आणि तो लागू करताना उघडावेत, असा या दोन्हींचा मेळ घालता येतो. वसाहतकालीन न्यायाधीशांनी याचा दुसरा भाग केला. पहिला त्यांच्या हाती नव्हता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश-ग्रंथालयात बसविलेल्या न्यायदेवतेच्या नव्या पुतळ्याचे डोळे उघडे असून हाती तलवारीऐवजी संविधान आहे, याची मोठी चर्चा झाली. आपल्याशी विचारविनिमय न करता हा बदल केल्याबद्दल वकिलांच्या संघटनेने आक्षेपही नोंदविला. दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम १३२ मात्र अद्याप कायम आहे.