ऑपेरा हाउस ते अँटवर्प : कौटुंबिक हिरेपेढीचा सीमापार प्रवास

जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिरे भारतात घडतात. हे काम प्रामुख्याने सुरतेत चालते. व्यापार, पतपुरवठा आणि निर्यात यांची सूत्रे मात्र दीर्घकाळ मुंबईत राहिली. भारतातील खाणींतून आज अत्यल्प हिरे निघतात. तरीही देशाला हे स्थान मिळाले, त्याचे मोठे श्रेय कौटुंबिक पेढ्यांना जाते. या पेढ्या परदेशी कशा पोहोचल्या आणि तेथे गेल्यावर त्यांच्या कारभाराचा पाया कसा बदलला, याचा हा आढावा.

जांगडावरचा व्यापार

मुंबईतील हिरेव्यापाराची घडी मुख्यतः गुजरातेतील पालनपूरहून आलेल्या जैन कुटुंबांनी बसवली. हिरा वजनाने नगण्य, किमतीने प्रचंड आणि प्रत्येक नग वेगळा. त्याचे मोल बरेचसे पारखणाऱ्याच्या नजरेवर ठरते. असा माल घेऊन कोणी परागंदा झाला, तर न्यायालयातून तो परत मिळवणे दुरापास्त. म्हणून व्यवहार ओळखीच्या वर्तुळातच होत. पसंतीसाठी माल ‘जांगड’ दिला जाई, सौदा तोंडी ठरे आणि माल व रोकड पोहोचवण्याचे काम आंगडिया करत. शब्द मोडणाऱ्याची एकट्याचीच पत जात नसे. त्याच्या भावंडांनाही उधारीवर माल मिळणे अवघड होई. नातेसंबंध हेच येथे तारण होते.

अँटवर्पमध्ये घरचा माणूस

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण होती. निर्यात करणाऱ्याला त्या प्रमाणात कच्चा माल आयात करण्याचा परवाना मिळे. त्यामुळे परदेशी ग्राहक शोधल्याशिवाय कच्चा हिरा हाती येणे कठीण झाले. १९६६ मध्ये रत्ने व आभूषणे निर्यात प्रोत्साहन परिषद स्थापन झाली आणि या व्यापाराला संस्थात्मक आधार मिळाला.

कच्च्या हिऱ्यांचा मोठा साठा तेव्हा ‘डी बिअर्स’च्या हाती होता. ही कंपनी लंडनमध्ये निवडक खरेदीदारांनाच माल देई. इतरांना अँटवर्पच्या बाजाराचा आधार घ्यावा लागे. तेथे माल पारखून उधारीचा शब्द देऊ शकेल असा घरचा माणूस हवा होता. अरुणकुमार मेहता आणि भानुचंद्र भन्साळी यांनी १९६० मध्ये मुंबईत सुरू केलेली ‘बी. अरुणकुमार अँड कंपनी’ ही पेढी याचे ठळक उदाहरण होय. १९७३ मध्ये दिलीप मेहता यांनी अँटवर्पची शाखा उभी केली. पुढे ‘रोझी ब्लू’ या नावाने हा समूह जगभर ओळखला जाऊ लागला आणि दिलीप मेहता यांना बेल्जियमच्या राजाने ‘बॅरन’ हा किताब दिला.

अँटवर्पच्या बाजारात ज्यू व्यापाऱ्यांचा जम होता. भारतीयांनी त्यांच्याशी मोठ्या हिऱ्यांसाठी स्पर्धा केली नाही. बेल्जियममधील मजुरीत परवडणार नाहीत असे बारीक खडे त्यांनी उचलले. १९८० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातील अर्गाइल खाणीतून असा माल मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. त्यामुळे सामान्य ग्राहकाला परवडणारे हिऱ्याचे दागिने बाजारात आले. एक भाऊ मुंबईत, दुसरा अँटवर्पला, पुतण्या न्यूयॉर्क किंवा हाँगकाँगला, अशी रचना अनेक घरांत रूढ झाली. पुढे त्यात दुबईची भर पडली.

शब्दाची जागा कागदाने घेतली

विस्ताराबरोबर पतीचे स्वरूप पालटले. २००३ पासून ‘किम्बर्ली प्रक्रिये’नुसार कच्च्या हिऱ्यांच्या सीमापार मालासोबत प्रमाणपत्र आवश्यक झाले. २०१० मध्ये ऑपेरा हाउसचा बाजार वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘भारत डायमंड बोर्स’मध्ये हलू लागला. २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतील हमीपत्रांचा गैरव्यवहार उघड झाला. त्यात अडकलेली रक्कम १३,००० कोटी रुपयांहून अधिक होती. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने आयातीसाठीची अशी हमीपत्रे बंद केली. या धक्क्यानंतर छोट्या, सचोटीच्या पेढ्यांनाही कर्ज मिळवणे कठीण झाले. २०२४ पासून जी-७ देशांनी रशियन हिऱ्यांवर निर्बंध घातल्यामुळे मालाचे मूळ सिद्ध करण्याची जबाबदारीही वाढली.

सराफी पेढीची वाट

मराठी वाचकाला याच बदलाचे परिचित उदाहरण म्हणजे गाडगीळ घराणे. १८३२ मध्ये सांगलीत सुरू झालेल्या या सराफीची पुण्यातील पेढी दाजीकाका गाडगीळ यांनी १९५८ मध्ये उघडली. पुढे कुटुंबाच्या शाखांनी स्वतंत्र कंपन्या स्थापन केल्या. त्यांपैकी ‘पी. एन. गाडगीळ ज्वेलर्स’ने कॅलिफोर्नियातील सनीवेल येथे दुकान थाटले. हिरेपेढ्या परदेशी गेल्या त्या कच्चा माल आणि घाऊक गिऱ्हाईक शोधत; गाडगीळ गेले ते तेथे स्थायिक झालेल्या आपल्याच ग्राहकामागे. सप्टेंबर २०२४ मध्ये या कंपनीने १,१०० कोटी रुपयांची समभागविक्री करून भांडवलबाजारात प्रवेश केला. घरातील वह्या त्यानंतर हजारो अनोळखी भागधारकांसमोर खुल्या झाल्या.

दोन्ही वाटांवर कुटुंबाला एकाच टप्प्यातून जावे लागले. पहिली शाखा उघडण्यास नात्यातील विश्वास पुरतो. बँक, सीमाशुल्क खाते आणि परदेशी खरेदीदार मात्र त्या नात्याला ओळखत नाहीत. गावाकडच्या व्यवसायाची शाखा परदेशी काढू पाहणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच हिशेबतपासणी, भागीदारीचा लेखी करार आणि वारसाहक्काची व्यवस्था घरात एकवाक्यता असतानाच करून ठेवावी. वाद उद्भवल्यावर या गोष्टी करणे फार महागात पडते.