जाळलेलं पुस्तक, दाबलेलं नाटक

1781 साली पॅरिसात सरकारी जल्लादानं रेनालचं पुस्तक जाळलं. त्यात वसाहतींतली लूट अन् काळ्यांची गुलामी उघडी पाडली होती.

दोस्तहो, जाळायला निदान पुस्तक छापलेलं तरी लागतं! जोतीरावांनी 1855 साली 'तृतीय रत्न' नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडं धाडलं. जोशीबुवा गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो, नवराबायकोला खर्चात बुडवतो. शेवटी दोघं रात्रीच्या शाळेची वाट धरतात. कमिटीतले भट हटून बसले, गोरे गप्प झाले. जोतीरावांनीच हे 1873 साली 'गुलामगिरी'त लिहून ठेवलंय, अन् ते पुस्तक काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलंय.

नाटक छापून यायला 1979 उजाडलं. आता ते समग्र वाङ्मयात आहे. दिंडोरीच्या वस्तीत एका रात्री मोठ्यानं वाचू.