चवई : केळ आणि केळ नव्हे

सह्याद्रीचा एखादा उभा कडा भर उन्हाळ्यांत पाहावा, तर कपारींतून फुगीर, उघडे बुंधे तेवढे दिसतात. पान म्हणून नाहीं. पाऊस सुरू झाला कीं त्याच बुंध्यांतून रुंद हिरवीं पानें उसळून वर येतात आणि खडकावर कोणीं केळीची बाग लावली असा भास होतो. हीच चवई. कोणी तिला रानकेळहि म्हणतात. ती खरोखर केळ आहे काय, हें ठरविण्यास शास्त्राला १३६ वर्षें लागलीं.

१८११ सालीं विल्यम रॉक्सबर्ग यांनीं कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या आपल्या ग्रंथांत तिला ‘म्यूझा सुपर्बा’ हें नांव दिलें. म्यूझा म्हणजे केळ आणि सुपर्बा म्हणजे दिमाखदार. काळसर तांबूस पाकळ्यांचा तिचा लोंबता कोका ज्यानें पाहिला, त्याला हें विशेषण अतिशयोक्तीचें वाटणार नाहीं.

तिकडे हबसाणांत तिचीच एक बहीण लोकांचें अन्न होऊन राहिली होती. जेम्स ब्रूस यांनीं १७९० च्या आपल्या प्रवासवर्णनांत ‘एन्सेट’ या देशी नांवानें तिची ओळख करून दिली. १८६२ सालीं रशियांतील होरानिनोव यांनीं तेंच नांव घेऊन केळीहून निराळी प्रजाति कल्पिली. पण ती फारशी मान्य झाली नाहीं. अखेर १९४७ च्या क्यू येथील पत्रिकेंत चीजमन यांनीं ती पुनः उभी केली आणि चवई ‘एन्सेट सुपर्बम्’ झाली.

हा केवळ नांवाचा वाद नव्हता. केळीला मुनवे फुटतात. आई वठली तरी वंश चालतो. चवईला मुनवे येत नाहींत. ती कित्येक वर्षें बुंध्यांत सांठवण करते, एकदांच फुलते, फळते आणि मरते. फळांत गर थोडा, काळ्या कठीण बियाच फार. तिचा सारा वंश त्या बियांत असतो.

म्हणून रानकेळ हें नांव फसवें आहे. भाजीसाठीं केळफूल तोडलें तर केळीचें कांहीं बिघडत नाहीं. चवईचा कोका तोडला तर त्या झाडाची कुळी तेथेंच खुंटते. बागेंत तिची शोभा हवी असेल, तर कड्यावरचा बुंधा न उपटतां पिकल्या फळांतील थोड्या बिया पेराव्यात आणि उरलेल्या कड्यालाच ठेवाव्यात.