वस्तू-आधारित आणि वस्तू-अभिमुख प्रोग्रॅमिंग

वस्तू-आधारित आणि वस्तू-अभिमुख प्रोग्रॅमिंग, म्हणजेच ऑब्जेक्ट-बेस्ड आणि ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, या संगणकाची आज्ञावली रचण्याच्या दोन निकटच्या पद्धती आहेत. माहिती आणि तिच्यावरील क्रिया यांना एकत्र बांधणारी ‘वस्तू’ दोन्हींत असते. वारसा मात्र केवळ दुसरीत असतो. मराठीत ‘वस्तुनिष्ठ’ हा शब्दही यासाठी योजला जातो. परंतु त्याचा रूढ अर्थ ‘पूर्वग्रहरहित’ असल्याने तो येथे टाळणे इष्ट.

व्याख्या

पीटर वेग्नर यांनी १९८७ मधील शोधनिबंधात हा भेद नेमका मांडला. वस्तूंची सोय असलेली भाषा वस्तू-आधारित; प्रत्येक वस्तू एखाद्या वर्गाची असल्यास वर्ग-आधारित; आणि वर्गांना एकमेकांचा वारसा घेता येत असल्यास वस्तू-अभिमुख. त्यामुळे प्रत्येक वस्तू-अभिमुख भाषा वस्तू-आधारित असतेच. व्यवहारात मात्र ‘वस्तू-आधारित’ हे विशेषण वारसा नसलेल्या भाषांपुरतेच वापरले जाते. संज्ञांचा हा काटेकोरपणा नंतरचा. नॉर्वेतील सिम्युला ६७ या भाषेत वर्ग आणि वारसा दोन्ही आधीच होते.

उदाहरण

रायगड जिल्ह्यातील मांडवा बंदरातून मुंबईला लाँच जातात. तिकिटांच्या एखाद्या काल्पनिक आज्ञावलीत ‘लाँच’ या वर्गात भाडे, शिल्लक आसने आणि ‘तिकीट दे’ ही क्रिया आहे असे समजू. शिल्लक आसनांचा आकडा बाहेरून परस्पर बदलता येत नाही. हे संपुटन होय आणि ते दोन्ही पद्धतींत साधते.

२०२० मध्ये मांडव्याला रो-रो सेवा सुरू झाली. या बोटीतून प्रवाशांसह वाहनेही जातात. वस्तू-अभिमुख भाषेत ‘जलयान’ हा सामाईक वर्ग करून ‘लाँच’ आणि ‘रो-रो’ त्याचा वारसा घेतात. वाहनांपुरती भर तेवढी ‘रो-रो’मध्ये पडते. ‘तिकीट दे’ ही एकच आज्ञा समोरच्या बोटीनुसार वेगळी पार पडते, ती बहुरूपता. वारसा नसेल तर एका वस्तूच्या पोटात दुसरी ठेवून काम तिच्याकडे सोपवावे लागते, किंवा मजकूर उतरवून घ्यावा लागतो. उतरवलेल्या मजकुरात धोका आहे: लहान मुलांच्या सवलतीचा नियम बदलला आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी झाली, तर दोन बोटींवर दोन नियम चालू राहतात.

भाषा

महाराष्ट्रातील बारावीच्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात पूर्वी सी प्लस प्लस आणि व्हिज्युअल बेसिक या भाषा शेजारी-शेजारी होत्या. पहिली वस्तू-अभिमुख. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये वर्ग होते, काही प्रमाणात बहुरूपताही होती, पण एका वर्गातील क्रिया दुसऱ्याला वारशाने मिळत नसत. ती सोय व्हिज्युअल बेसिक डॉट नेटमध्ये २००२ साली आली. अडा भाषेनेही १९८३ ते १९९५ च्या आवृत्त्यांत हाच प्रवास केला. वारसा नसणे हे मागासलेपण नव्हे. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेत तो हेतुपुरस्सर ठेवलेला नाही.

जावास्क्रिप्टला ‘वारसा नाही म्हणून वस्तू-आधारित’ म्हणणारी विधाने अनेक मार्गदर्शिकांत आढळतात. ती चुकीची आहेत. या भाषेत एक वस्तू थेट दुसऱ्या वस्तूकडून, म्हणजे आपल्या आदिरूपाकडून, वारसा घेते. वेग्नर यांच्या कसोटीवर जुनी जावास्क्रिप्ट अडते ती वर्गांपाशी. २०१५ च्या आवृत्तीत ‘क्लास’ हा शब्द आला, तरी त्यामागील यंत्रणा आदिरूपांचीच आहे.