रेड हिलच्या पायथ्याचे युद्धस्मृतींचे संग्रहालय

इंफाळहून दक्षिणेला बिष्णुपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मैबाम लोत्पा चिंग ही छोटी टेकडी आहे. लष्करी इतिहासात ती ‘रेड हिल’ या नावाने ओळखली जाते. तिच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या इंफाळ शांतता संग्रहालयात मणिपूरने सोसलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणी जतन केल्या आहेत.

मणिपुरात या युद्धाला ‘जपान लान’ म्हणतात. 10 मे 1942 रोजी इंफाळवर पहिले बाँब पडले आणि शहरातील कुटुंबे जीव मुठीत घेऊन खेड्यांकडे पळाली. त्याच काळात ब्रह्मदेशातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांचे लोंढे या खोऱ्यातून जात होते. पुढे इंफाळ, तुलिहाल, पालेल यांसह सहा धावपट्ट्या येथे उभ्या राहिल्या आणि शेतीच्या प्रदेशाला लष्करी तळाचे रूप आले.

मार्च 1944 मध्ये जपानी जनरल मुतागुची यांच्या तीन डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडून चालून आल्या. आझाद हिंद फौजही त्यांच्याबरोबर होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण लढलेल्या सांगशाकच्या लढाईने जपानी आगेकूच काही दिवस रोखली. तरीही कोहिमाचा रस्ता तुटला आणि सुमारे तीन महिने इंफाळची रसद विमानांवरच अवलंबून राहिली. मेच्या अखेरीस रेड हिलवर निकराची झुंज झाली. 22 जून रोजी रस्ता पुन्हा खुला झाला आणि जुलैमध्ये जपानी फौजेने माघार घेतली. भूक, रोगराई आणि पावसाळा यांनी तिची दैना केली. इंफाळ आणि कोहिमा मिळून तिचे सुमारे 30,000 सैनिक मृत्युमुखी पडले.

रस्ता खुला झाल्याला 75 वर्षे पूर्ण झाली, त्याच दिवशी, 22 जून 2019 रोजी, निप्पॉन फाउंडेशनच्या साहाय्याने उभारलेले हे संग्रहालय सुरू झाले. रणभूमीवर सापडलेल्या वस्तू आणि छायाचित्रांबरोबर मणिपूरच्या समाजजीवनालाही येथे स्थान आहे.

जवळच्या मोइरांगमध्ये 14 एप्रिल 1944 रोजी आझाद हिंद फौजेचा ध्वज फडकला. तेथील संग्रहालय त्या फौजेची स्मृती जपते. रेड हिलचे संग्रहालय मात्र दोन परक्या साम्राज्यांच्या लढाईत घरदार आणि शेतीवाडी पणाला लागलेल्या सामान्य माणसाकडे लक्ष वेधते. सेनापतींच्या आठवणी ग्रंथांत टिकल्या. गावकऱ्यांच्या आठवणी घराघरांतील सांगण्यावरच टिकून होत्या. ते युद्ध पाहिलेली पिढी सरत असल्याने त्या नोंदवून ठेवण्याचे काम आज अधिक निकडीचे झाले आहे.