दिलेला शब्द : नागपूरहून निघालेली एक वाट

नागपूर स्थानकावरून गोंदिया, डोंगरगडच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसताना आपल्यापैकी फारच थोड्यांच्या मनात येत असेल, की आधुनिक मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासातील एक मोठे वळण याच लोहमार्गावर आले. १८९३ साली या मार्गाने राजनांदगावला निघालेल्या एका ब्राह्मण कवीच्या हाती, डब्यातील एका अनोळखी सहप्रवाशाने नवा करार ठेवला. त्या कवीचे नाव नारायण वामन टिळक.

टिळक कॅथलिक नव्हते. पुढे ते अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत सामील झाले. तरीही त्यांचे चरित्र आम्ही आपल्या कुटुंबांपुढे ठेवू इच्छितो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्यासंबंधीचा हुकूमनामा प्रसिद्ध केला. विभक्त बंधूंच्या जीवनात पवित्र आत्म्याने जे घडविले, ते आपल्याही उन्नतीस उपकारक ठरू शकते, हे त्यातून आपण शिकलो आहोत. शिवाय ही कथा आपल्या शहरातून सुरू होते.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेले टिळक वयाच्या तिशीत नागपूरला आले. येथील धनिक विद्याप्रेमी आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम पाहत, आणि धर्मविषयक प्रश्नांना वाहिलेले ‘ऋषी’ नावाचे मासिकही चालवीत. बुद्धी तल्लख, स्वभाव तापट, मन सदैव अस्वस्थ. प्रचलित धर्माने समाधान होईना, म्हणून आपणच एखादा नवा धर्म स्थापावा, असेही विचार त्यांच्या मनात घोळत. नागपूरची नोकरी सोडून राजनांदगाव संस्थानात कामाच्या शोधात निघालेला हा प्रवासी असा होता.

डब्यातील युरोपियन गृहस्थाने प्रथम संस्कृत काव्याच्या गोष्टी काढल्या. मग त्याने ते पुस्तक दिले, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते मुळीच रुचले नाही. परंतु पुस्तक वाचीन, असा शब्द त्यांनी दिला होता, आणि केवळ त्या शब्दासाठी त्यांनी वाचायला घेतले. तो गृहस्थ कोण, हे त्यांना पुढे कधीच कळले नाही.

येथे आपण क्षणभर थांबू या. देवाची आज्ञा पाळणे म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठे त्याग उभे राहतात. टिळकांच्या बाबतीत तिचा आरंभ दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढ्या साध्या गोष्टीपासून झाला. वाचता वाचता प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जखडून ठेवले. सत्य पटले, मग पटलेल्या सत्याचे करायचे काय, हा खरा संघर्ष उभा राहिला. एका बाजूस सदसद्विवेकबुद्धी, दुसऱ्या बाजूस घरदार, जात, नातीगोती आणि तरुण पत्नी. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण बाप्तिस्म्याने संघर्ष संपला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर जणू आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आश्रयाने राहिल्या. त्या काळी अशा पतीशी संसार म्हणजे साऱ्या गोताला मुकणे होते. ही ताटातूट काही वर्षे चालली.

टिळकांची खरी कसोटी आम्हाला येथे दिसते. १८६६ च्या एका कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडल्यास ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला न्यायालयाकडून विवाह रद्द करून घेता येत असे व पुन्हा लग्नही करता येत असे. टिळकांनी त्या वाटेकडे पाहिले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई पुढे अहमदनगरला आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे, त्यांची निराळी चूल त्यांनी सांभाळू दिली. तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या माणसाला हा धीर सोपा गेला नसेल. परंतु देवाची आज्ञा आपण पाळणे निराळे, आणि देवाच्या नावाने इतरांना आज्ञा सोडणे निराळे, हे ते जाणून होते.

आणि लक्ष्मीबाई? शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या स्त्रीने, जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न स्वतःलाच विचारला. उत्तर मिळाल्यावर सोवळे त्यांनी आपण होऊन सोडले. १९०० साली राहुरी येथे त्यांनी व दत्तूने बाप्तिस्मा घेतला. पतीच्या हुकमाने नव्हे, तर अंतःकरणातील हाकेला ओ देऊन त्या आल्या. म्हणूनच त्या घरात आलेली शांती टिकली.

पुढे १९१७ साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला, आणि ९ मे १९१९ रोजी ते देवाघरी गेले. त्यांची भजने आजही ख्रिस्ती उपासनेत गायिली जातात. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’ची थोर परंपरा आठवून देणारे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ मात्र अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. जिने एकेकाळी येशूच्या नावापायी संसार मोडताना पाहिला, तिच्याच लेखणीने येशूचे चरित्र ओवीबद्ध झाले. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ तर मराठी आत्मचरित्रांत अग्रगण्य ठरले.

१९३३ साली मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन आपल्या नागपुरात भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी लक्ष्मीबाई टिळक होत्या. ज्या शहरातून चाळीस वर्षांपूर्वी त्यांचे पती आपल्या नियतीकडे निघाले, त्याच शहराने त्यांचा हा सन्मान केला.

वाचकहो, आपल्या घरांतही मतभेद असतात. मुले मिस्साला येत नाहीत, जावई किंवा सून निराळ्या श्रद्धेची असते, कोणी देवापासून दुरावलेले असते. अशा वेळी आपण आवाज चढवतो, आणि त्यालाच श्रद्धेची तळमळ समजतो. गेथशेमने बागेत आपल्या प्रभूने स्वतःची इच्छा पित्याच्या इच्छेपुढे नमविली. झोपी गेलेल्या शिष्यांना मात्र त्याने जागे केले, जखडले नाही. विजय मिळवायचा तो स्वतःवर. इतरांसाठी उरते ती प्रार्थना, प्रीती आणि वाट पाहणे. गोंदियाची गाडी पुन्हा कधी पकडाल, तेव्हा एका दिलेल्या शब्दाची आठवण ठेवा, आणि आपण स्वतः देवाला दिलेल्या शब्दाचीही.